लाडवाची मंजुरी

इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या शेजारच्या भाऊजींना आजवर काहीही नुसतं मिळालेलं नाही. ऑफिसात लोकांच्या व्हिसाचे अर्ज भरून भरून त्यांची जीभच सरकारी झाली आहे. पार्किंग सापडलं की "आय हॅव बीन ग्रँटेड पार्किंग!" बायकोने दुसरा चहा दिला की "वन मोअर कप हॅज बीन अप्रूव्ड!"

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. भाऊजींची रजा नामंजूर झाली. परवा बेल वाजली. दारात भाऊजी, हातात लाडवांचा डबा, डोळे भरलेले.

"वहिनी, आय हॅव बीन ग्रँटेड अ नात!"

आम्ही सगळ्यांनी लाडू खाल्ले. भाऊजींना शुगर आहे, ते नुसतेच डबा धरून उभे. मी एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या भाऊजी. ग्रँटेड."

"पण वहिनी, तुम्हाला ऑथॉरिटी आहे का?"

शेवटी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बायको पलीकडून ओरडली, "एकच हं!" आणि तिने फोन पाळण्याकडे वळवला. भाऊजींनी लाडू संपवला, पुन्हा डब्यात हात घातला आणि झोपलेल्या नातीला हळूच विचारलं, "रिन्यूअल?"

नातीने हरकत घेतली नाही.