शाळेच्या भिंतीवरची यादी

कुणी चष्मा पुसायला लागलं की माझी नजर आपोआप दुसरीकडे वळते. काल बँकेच्या रांगेत एक आजोबा पुसत होते, तेव्हाही वळली.

राज्यांची नवी आखणी झाली आणि आमचं गाव दुसऱ्या राज्यात गेलं, त्यानंतरची ती विधानसभेची पहिली निवडणूक. मतदानाच्या सकाळी शाळेच्या भिंतीवर उमेदवारांची यादी लागायची आणि गुरुजी ती मोठ्याने वाचून दाखवायचे, ही गावची रीत. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षर शिकवलेलं. माझ्या आईलाही, लग्नानंतर. तरी यादी वाचायचा मान त्यांचाच.

त्या वर्षी यादी नव्या राज्याच्या लिपीत होती. गुरुजी पुढे झाले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, लावला. पुन्हा काढून पुसला.

“गुरुजी, वाचा की,” आई म्हणाली.

“चष्मा घरी राहिला गं.”

चष्मा त्यांच्या हातातच होता. आईने तो पाहिला आणि म्हणाली, “असू द्या गुरुजी, आम्ही चित्रं बघून मत टाकू.”

सीमा ओढ्यापलीकडून गेली असं नकाशा सांगतो. रोज ओढा ओलांडताना मला ती कधी दिसली नाही. दिसली ती त्या हातभर जागेत, भिंत आणि गुरुजी यांच्यामध्ये.

चष्मा आणतो म्हणून गुरुजी घराकडे गेले. पेट्यांना सील लागेपर्यंत आई शाळेच्या फाटकाशी त्यांची वाट बघत उभी होती.