पिवळ्या तांदळाचं नवं

ज्वारीच्या मुलखात भात लावणारी माझी लेक एकटीच शहाणी, असं आई पेडगावात सगळ्यांना सांगते. म्हणते चेष्टेनं, पण कौतुक लपत नाही.

मी परभणीत काचघरात भाताचे संकर करते. जनुक घालून ज्याच्या दाण्यात अ जीवनसत्त्वाचा पिवळा कच्चा माल आणलाय, त्या भाताचे पराग आपल्याकडच्या वाणावर टाकायचे. फुलं उमलायच्या आत कात्रीनं टोकं छाटायची, चिमट्यानं पुंकेसर काढायचे, परागण झालं की लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. डोळे फुटायची पाळी येते, तरी हे काम मला लय आवडतं.

माझ्या वेळी पोटुशी असताना आईला दिवस मावळला की दिसेनासं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, अ जीवनसत्त्व कमी पडलंय. वडिलांनी चुलीपासून न्हाणीपर्यंत दावं बांधून दिलं, ते धरून ती चालायची. हे ती हसत सांगते. मला अजून हसू येत नाही.

यंदा साळ सोलली तर आत पिवळेधमक दाणे. आनंदाच्या भरात मी आईला फोन केला. दुसऱ्याच दिवशी बाई एसटीनं हजर, पदराला हळदीकुंकवाची पुडी बांधून. कुठलंही पीक आलं की पहिलं कणीस देवाला, मग घरात, हे आमचं नवं. तिला देव्हाऱ्यासाठी एक लोंबी हवी होती आणि मग स्वतःसाठी वाटीभर भात.

मी समजावलं, की या भाताला अजून परवानगी नाही. बियाणं कुलपात राहील, बाकीचं आज जाळायचं, दाणाही बाहेर न्यायचा नाही. ती भडकली.

"लेकीनं पिकवलेलं आईनं खायचं न्हाई? अन्न जाळायलाव तुमी."

नियम बरोबरच आहे, पण नियम सांगून आईची समजूत पटत नाही.

खड्डा पेटवला तेव्हा ती कुंपणाबाहेर तोंड फुगवून उभी होती. जाळ वर आला तशी तिनं चप्पल काढली, हळदीकुंकू आगीकडं वाहिलं आणि हात जोडले. अग्नी म्हणजे देवाचंच तोंड. मग माझ्याकडं वळली, तेव्हा राग निवला होता.

"देवाचं झालं," ती म्हणाली. "आता आमचं कवा?"

परवानगी माझ्या हातात नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी मी तिला म्हणाले, तुला खाऊ घातल्याशिवाय राहणार नाही.