भोंग्यातला सूड

भरमू तंबू टॉकीजमध्ये सिनेमा समजावून सांगायचा. म्हणजे पडद्यावर चिनी माणसं इंग्रजीत भांडायची आणि हा भोंग्यातून त्यांचं मराठी करायचा. चिनी काय नि इंग्रजी काय, त्याच्या बापजन्मात कुणाला येत नव्हती, पण निपाणीच्या पब्लिकला तरी कुठं येत होती?

एकोणऐंशी साली जत्रेला कुंग फूचा एक सूडपट आला. कवडीमोलाचं काम. एकच डोंगर, एकच अंगण, आणि मेलेली माणसं पुढच्या मारामारीत परत हजर. पांढऱ्या मिशीचा दुष्ट माणूस हिरोच्या गुरूला मारतो आणि हिरो त्याच्या मागावर फिरतो, एवढीच गोष्ट. भरमूनं त्या दुष्टाचं नाव ठेवलं जोतिबा.

त्याला कारण होतं. सोनुबाई भरमूच्या मामाची पोरगी, म्हणजे रीतीनं हक्काची. ती परकरात असल्यापासून घरचे तिला भरमूची बायको म्हणून चिडवायचे. मामानं ऐनवेळी ती तंबाखूच्या वखारवाल्या जोतिबाला दिली. त्या लग्नात भरमू पंगतीला वाढत होता, तोंडातून ब्र काढला नाही. भोंगा हातात आल्यावर मात्र गड्याला कंठ फुटला. "दुसऱ्याच्या हक्काचं वडून न्हेणारा ह्यो जोतिबा, बघून ठेवा." रोज संध्याकाळी जोतिबा मरायचा, पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि भरमू छाती काढून बाजारातनं हिंडायचा. शूरच म्हणायचा. मुडदा पाडायला कापडाचा पडदा लागत होता, तो भाग वेगळा.

फक्त सोनूनं हे बघायला पाहिजे होतं. बघून एकदा तरी तिला वाटायला पाहिजे होतं, की आपलं चुकलं.

ती आली. सोबत नवरा, दोन पोरं आणि पिशवीभर चिरमुरे. भरमूनं त्या दिवशी घसा फोडला. शेवटी दुष्ट कोसळला तेव्हा खरा जोतिबा पोट धरून हसला आणि पोरं "आमचा आप्पा मेला" म्हणत नाचली. सोनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. लागलं एकदाचं, असं भरमूला वाटलं.

खेळ सुटल्यावर ती जवळ आली. हसून हसून तिचे डोळे अजून ओले होते.

"लई ग्वाड सांगतासा, अण्णा. उद्या सासूबाईस्नी घिऊन येतो."

अण्णा म्हणजे थोरला भाऊ; मामाची पोरगी आत्याच्या पोराला अण्णा म्हणत नाही. सोनू म्हणाली, आणि तेही सहज, काही मनात न ठेवता.

दुसऱ्या दिवशी दुष्ट बिननावाचा मेला. पब्लिकनं गिल्ला केला, "अरं भरम्या, जोतिबा कुठं हाय?"

भरमूनं भोंगा तोंडाला लावला.

"घरात हाय," भरमू म्हणाला. "सुखात हाय."