पुन्हा सांगतो, प्रभू!

ज्या मंडळीत सगळे डोळे मिटून बोलतात, तिथं एखादी बाई डोळे उघडे ठेवून बसली की किस्से आपोआप जमतात. ती बाई मी!

नोकरीपायी नागपूर-अमरावतीकडून रायपुरात आलेली आम्ही सहा-सात मराठी ख्रिस्ती घरं. दर मंगळवारी संध्याकाळी कोणाकडं तरी प्रार्थना, मग चहा-पोहे. पोह्यांसाठी येणारे कोण आणि प्रभूसाठी येणारे कोण, हे मी विचारत नाही. मला स्वतःला दोन्ही लागतं.

*

एकदा आमच्या पास्टर साहेबांनी विषय घेतला, 'चिंता सोडा, सगळं प्रभूवर सोपवा.' बोलता बोलता ते तीनदा खिडकीशी जाऊन आले. खाली त्यांची नवी गाडी उभी होती, आणि पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टी तिच्याभोवती क्रिकेट खेळून राहिली होती.

चौथ्यांदा उठले, तशा मार्था मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "साहेब, तेवढी गाडी बी सोपवा ना!"

*

पण मार्था मावशी तरी काय कमी आहेत? मुलीच्या लग्नासाठी त्यांची प्रार्थना ठरलेली. "प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणं होऊ दे. फक्त पोरगा सरकारी पाहिजे, आणि नव्या रायपुरात क्वार्टर पाहिजे."

सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या एका चांगल्या मुलाचं स्थळ आलं. मावशींनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "ही प्रभूची इच्छा नाही."

मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली, "मम्मी, एक बार प्रभु से भी पूछ लेतीं!"

*

विल्सन भाऊ आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. मेसेज उघडायच्या आधी त्यांचं 'आमेन' येतं, आणि त्यांचं आलं की बाकीच्यांचं. एकदा मी लिहिलं, 'किचनचा नळ तुटला, घरात पाणी झालं, कोणाकडं प्लंबरचा नंबर आहे का?'

आमेन सहा आले. प्लंबर एकही नाही!

तासाभरानं दारात याकोब काका उभे. हातात पाना. "काहून वं, नळ कोणता?"

*

आता हे याकोब काका. सगळी नोकरी रेल्वेच्या लहान लहान स्टेशनांवर मास्तरकीत गेली. गाडी आली, गेली, की कंट्रोल रूमला फोन करून कळवायचं, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. रिटायर झाले, पण ती सवय काही सुटली नाही. त्यांची प्रार्थना अशी:

"प्रभू, मार्थाबाईच्या पोरीचा उद्या पेपर आहे. दुसरा मजला, खोली नंबर बारा, खिडकीजवळचा बाक. पुन्हा सांगतो, खोली नंबर बारा."

आणि आवाज असा, की बंद दारातून शेजाऱ्यांनाही पेपर कळावा!

आम्ही तोंडाला पदर लावायचो. एकदा तर पोहे खाता खाता ताट खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, मघाचा मेसेज रद्द. खोली नंबर एकवीस."

शेवटी पास्टर साहेबांना राहवलं नाही. "काका, देवाला सगळं माहीत असतं. त्याला पत्ता काहून सांगता?"

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी कुठं आहे ते कंट्रोललेही माहीत राहते. तरी आपल्याले कळवाच लागते."

*

आणि हा शेवटचा. माझे यजमान विजय हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगतात, पण तेव्हा ते बेशुद्ध होते. म्हणून मीच सांगते.

कारखान्यात विजय शिडीवरून पडले. पोटात रक्तस्राव. दुपारी ऑपरेशन सुरू झालं आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ओ निगेटिव्ह रक्त कमी पडतंय. माणूस शोधा, लवकर."

सगळी मंडळी आली होती. पास्टर साहेब म्हणाले, "धीर धरा बाई, देव जवळच आहे."

"जवळ आहे तर दिसून काहून नाही राहिला?" मी ओरडलेच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रार्थनांना हसले होते. त्या दिवशी मला स्वतःला एक शब्द सुचेना.

रक्ताचं नाव निघताच मार्था मावशींना शुगर आठवली, पास्टर साहेबांना बीपी. विल्सन भाऊंनी माझ्या शेजारी बसून ग्रुपवर 'आमेन' टाकलं!

याकोब काका उठले. कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात हिंदीत सुरू झाले. का हिंदीत, ते आजवर त्यांनी सांगितलं नाही.

"प्रभु! मरीज़ विजय. ओ निगेटिव खून चाहिए, तुरंत. ब्लड बैंक नीचे, सीढ़ी से उतरकर बाएँ हाथ, तीसरा दरवाज़ा. फिर से बोलता हूँ, बाएँ हाथ, तीसरा दरवाज़ा."

नर्स धावत आली. "बाबा, धीरे! ये अस्पताल है!" मी शरमेनं मान खाली घातली.

समोरच्या बाकावर जवळच्या अभनपूरचा एक शेतकरी, तिथंच भरती असलेल्या आईचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं डबा नर्सच्या हातात दिला आणि उठला.

"ओ निगेटिव तो मेरा है, बाबूजी."

मी धडपडत उठले. "भैया, ब्लड बैंक उधर..."

"हव दीदी, मालूम है," तो जिन्याकडं वळत म्हणाला. "बाबूजी ने दो बार बताया न!"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"प्रभू, माणूस खाली निघाला," ते आता मराठीत, हळू आवाजात म्हणाले. "पण दोन वाजून राहिले. ब्लड बँकेतल्या मॅडमले जेवाले जाऊ देऊ नको. पुन्हा सांगतो, मॅडमले जेवाले जाऊ देऊ नको."