चौघींचा लॅपटॉप, एकीचे नाव

“ही मुलगी झोपते केव्हा?” विद्यापीठाच्या संगणक केंद्राचे प्रमुख मला विचारत होते, जणू तिला निजवण्याचे काम माझ्याकडेच होते.

मी नाशिकच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मसुद्यात वकीलही सहसा हात घालत नाहीत. अर्जदारासोबत जाण्याची माझी पद्धत नाही. त्या दिवशी गेलो, कारण वसतिगृहाची नोटीस वाचून घ्यायला माझ्याकडे आलेले मखमलाबादचे झेंडूवाले आबा आपल्या मुलीला, सविताला, थेट घरी नेण्याच्या तयारीनेच आले होते.

वसतिगृहात वायरलेस नेट तेव्हा नवे होते. प्रत्येक लॅपटॉपला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. कोणी किती नेट वापरले, हे केंद्रातील यंत्रणा त्या क्रमांकावरून मोजते. सविताच्या नावावरील लॅपटॉप पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चालू दिसत होता. वॉर्डनबाईंनी नेट तोडून वसतिगृह सोडण्याची नोटीस दिली. आबांनी त्यातून एवढेच घेतले, की पोरगी रात्रभर कुणाशी तरी बोलत बसते.

प्रमुखांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “हा पाहा ग्राफ.”

“हा वापर लॅपटॉपचा, की मुलीचा?” मी विचारले.

“एकच की हो! रजिस्ट्रेशन तिचंच आहे.”

तेव्हा आबांशेजारी उभी असलेली सविता प्रथमच बोलली. “सर, लॅपटॉप चौघींचा आहे. वर्गणी काढून घेतला. पाळ्या लावल्यात. माझी पहाटेची.”

“बाकीच्या तिघी कोण?”

“नाही सांगणार.”

“मग शिक्षा तुला एकटीला.”

“द्या.”

आबांनी मान वर केली. “म्हंजी आपल्या विहिरीवानी? मीटर माझ्या नावावर, पाणी चार घरांचं?”

“हो, आबा.”

“मग आधी का नाय बोलली, येडे?”

“तुम्ही विचारलं कुठं? आल्या आल्या माझी पिशवीच भरायला लागलात.”

“विहिरीचं ठीक आहे,” प्रमुख म्हणाले, “इथे एक लॅपटॉप, एक विद्यार्थी, असा नियम आहे. काय ते लेखी द्या.”

ऊन आणि जिने यांनी मी थकलो होतो. बाहेरच्या बाकावर बसून अर्ज लिहिला. विनंत्या दोन केल्या: वसतिगृहातील प्रवेश कायम ठेवावा, तसेच नेट पूर्ववत सुरू करावे.

“नेटचं खोडा,” आबा कुजबुजले. “साहेब भडकंल. पोरगी शिकू द्या, बास.”

“राहू द्या ते,” मी म्हणालो.

प्रमुखांनी अर्ज सावकाश वाचला. नेटच्या विनंतीवर समाधानाने लाल रेघ मारली आणि वसतिगृहाच्या विनंतीपुढे वॉर्डनबाईंसाठी शिफारस लिहिली. बाईंनी नोटीस मागे घेतली. परीक्षेपर्यंत चौघी सायबर कॅफेत जात राहिल्या. आबा मात्र त्याच दिवशी एकटे मखमलाबादला परतले.

माझ्या प्रत्येक अर्जात एक मागणी जास्तीची असते. कार्यालयालाही काहीतरी नाकारावे लागते.