आत्याची घागर

ज्या घराण्याला आपले पूर्वज ठाऊक नाहीत, त्या घराण्याला भविष्य नाही. हे आमच्या कुलवृत्तांताच्या प्रस्तावनेतले पहिले वाक्य. माझे चुलतबंधू दादासाहेब यांनी ते आमच्या आत्याच्या ओसरीवर बसून, तिने तळलेली मुगाची भजी खात लिहिले. दुसरे वाक्य सुचेपर्यंत भजी संपली. तेव्हा त्यांनी आत हाक मारली, "आत्या, आणखी एक घाणा निघते काय वं?" घाणा निघाला आणि त्यामागून दुसरे वाक्यही निघाले.

ती आत्या या वर्षी होळीनंतर गेली. बातमी मला यवतमाळला, शाळेत कळली. दारव्ह्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने फाटकाशी गाडी उभी करून शिपायाला ओरडून सांगितले, "गुरुजींले सांगजो, दारव्ह्याची आत्या गेली म्हना." कोणाची आत्या, नाव काय, हे शिपायाने विचारले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. मी पोचलो तेव्हा दादासाहेब अंगणात खुर्चीवर बसून आल्यागेल्याला सांगत होते, "घराण्याचा आधारवड कोसळला." आधारवड आत चटईवर होता. लुगड्याच्या घड्या वगळल्या तर त्यात फारसे काही उरले नव्हते. खांदा द्यायला पुष्कळजण होते, पण दोघांनी उचलले असते तरी भागले असते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि दादासाहेबांच्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. लहानपणीच तिला नेरला दिली. तिथे पटकीच्या साथीत नवरा गेला आणि अंगाला हळद नीट चिकटायच्या आत ती दारव्ह्याला परत आली, ती कायमची. पुढे दादासाहेबांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा ते तान्हे पोर आत्याच्या ओटीत पडले. बकरीचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजून तिने ते जगवले. त्याचे पुढे नायब तहसीलदार झाले, यात तिचा काही दोष नाही. छप्पन साली आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि साठ साली महाराष्ट्रात आला. दोन्ही वेळा दादासाहेबांनी चौकात भाषण केले. आत्या या सर्व काळात दारव्ह्याच्या त्याच चुलीपुढे होती. राज्य बदलल्याचे तिला दोन्ही वेळा, मंडळी जेवायला किती येणार, यावरून कळले.

छप्पन सालीच दादासाहेब निवृत्त झाले. निवृत्त अधिकाऱ्याला हुकूम सोडायला कोणीतरी लागते; म्हणून त्यांनी कुलवृत्तांत समिती काढली. आमचे मूळ पुरुष एका मोठ्या लढाईत होते, याबद्दल समितीत एकमत होते. कोणत्या बाजूने, यावर तीन सभा झाल्या. सभा आत्याच्या ओसरीवर भरत, कारण दादासाहेबांच्या घरी सूनबाईंना सभा चालत नसत. नियम एकच होता आणि तो कडक होता: लेखी पुरावा असल्याशिवाय कोणाचेही नाव घ्यायचे नाही. "भावनेला इतिहासात जागा नाही," असे दादासाहेब म्हणत आणि बशी पुढे करत.

आत्याला इतिहासाशी काही देणेघेणे नव्हते. तिचे घोडे दुसरीकडेच अडले होते. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या घागरी भरतात. नवी मातीची घागर, वर खरबूज नाहीतर आंबा, पत्रावळीवर पुरणपोळी आणि चिंचवणी. आणि घरातला कर्ता पुरुष एकेक नाव घेऊन पाणी सोडतो. नाव घेतले तर पाणी पोचते. नाव घेतले नाही तर पाणी आपले पाणीच. आत्या आयुष्यभर त्या घागरी घासत, भरत, मांडत आली होती. एका वर्षी दादासाहेबांनी जाहीर केले की आता तोंडपाठ नावांचा घोळ पुरे, यापुढे घागरी कुलवृत्तांत पाहूनच भरायच्या. त्या संध्याकाळी मी यवतमाळच्या गाडीला निघालो, तशी ती दाराशी आली.

"बापू, माह्यं नाव येईन काय रे त्या पोथीत?"

"येईल की. न यायला काय झालं?"

"तसं नाही... मले ना लेक ना लेकरू. पोथीत नसन तं मले कोन बोलावते? तिकडं उन्हाळा कसा असते, कोनाले ठाव!"

मी पितर मानत नाही आणि हे ती जाणून होती. पण ती मानत होती, आणि तहान तिची होती. मी म्हणालो, तुझे नाव मी आणतो. शिकलेल्या माणसाला कागद शोधणे म्हणजे काय मोठे काम, असे तेव्हा मला वाटत होते.

पहिल्याने घराण्याचा भाट गाठला. दर काही वर्षांनी उंटाएवढी बही घेऊन येतो आणि झालेले मुलगे लिहून दक्षिणा घेऊन जातो, तो. त्याने बही उलगडून माझ्या आजोबांच्या नावावर बोट ठेवले. खाली दोन फांद्या: माझे वडील आणि दादासाहेबांचे. "आणि बहिणी?" मी विचारले. तो दुखावलाच. "लेक परायी रहती है, मालक. तिचं नाव मी लिवलं तं तिच्या सासरचा भाट मले धरून मारन." सासरचा भाट नेरला सापडला. त्याच्या बहीत आत्याच्या नवऱ्याचे नाव होते आणि पुढे एक शून्य. मूलबाळ नाही, म्हणजे फांदी संपली. बायको ही फांदीच नव्हे, त्यामुळे ती संपायचाही प्रश्न नव्हता.

नेरलाच तिच्या दिराचा मुलगा भेटला. कापसाच्या गाड्या लावण्यात होता. त्याने पाणी विचारले, चहा विचारला, आणि मी विषय काढताच चहा परत नेला. "काकाजीचं लगन झालंच होतं, याचा कागद हाय काय तुमच्यापाशी?" मी म्हणालो, नाही, तोच शोधतो आहे. "मंग आमच्या घरात कायले शोधून राह्यले? नाव लिवलं, का उद्या वावरात पाय टाकते कोनी." माझी आत्या तेव्हा सत्तरीची होती आणि तिचे पाय ओसरीच्या पायरीवरही नीट पडत नव्हते, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "बुढ्या बायका लय चिवट असतात, गुरुजी."

राहिले कोतवाल बुक. गावात जन्मलेल्या-मेलेल्याची नोंद कोतवाल ठाण्यात जाऊन सांगे आणि मुन्शी ती लिहून घेई. जुनी बुके चाळण्यात माझी एक दिवाळीची सुट्टी गेली. माझ्या आजोबांच्या नावापुढे चार ठिकाणी एकच शब्द सापडला: मुलगी. नाव एकाही जागी नाही. चार मुली झाल्या, त्यांतल्या दोघी वाचल्या. थोरली माझ्या जन्माआधीच गेली. उरलेली यांपैकी कोणती, हे कागद सांगेना. गावचे म्हातारे कोतवाल मला जुने ओळखत. छप्पन सालीच त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता, घरातले देव नदीत सोडले होते. मी त्यांना विचारले, नाव का लिहीत नसत? ते हसले. "पोरगी झाली म्हनून सांगाले जावं तं मुन्शी नाव इचारेच ना. पानं कायले खराब करा, म्हने." मग जरा थांबून म्हणाले, "गुरुजी, आमचे बापजादे तुमच्या बापजाद्यायच्या गुरामागं होते. आम्ही ते सारं धुवून टाकलं न् मोकये झालो. तुम्ही काहून खोदून राह्यले?" मी चारही नोंदी उतरवून घेतल्या.

पुढच्या सभेत मी कोतवाल बुकाच्या चारही नकला ठेवल्या. दादासाहेबांनी चष्मा पुसून त्या वाचल्या.

"यात नाव कुठे आहे?"

"नाव नाही. पण ही मुलगी म्हणजे आत्याच."

"कशावरून?"

तेवढ्यात आत्या भज्यांची परात घेऊन उंबऱ्यात आली होती. "मीच हावो म्हनून सांगतो न, बाप्पा! आनखी कोन पाह्यजे?"

"आत्या, तोंडी पुरावा चालत नाही," दादासाहेब अगदी मऊपणे म्हणाले. तहसीलीत ते याच आवाजात लोकांचे अर्ज फेटाळत.

आत्याने परात खाली ठेवली, पदर खोचला. "मले पुरावा मांगते! बोळ्यानं दूध पाजलं ते कोन्या बुकात हाय? तुह्या कुल्ल्यावरचा तीळ डाव्या बाजूले का उजव्या, सांगू काय चारचौघांत? का त्याचाही कागद आनू?"

सभा हसून लोटपोट झाली. दादासाहेबही हसले, मग त्यांनी ठराव लिहिला. पुराव्याअभावी नाव वगळण्यात यावे. त्याच सभेत आमच्या पणजोबांच्या 'सोन्या' नावाच्या बैलाची नोंद कायम झाली. त्याने शंकरपटात शर्यत जिंकली होती आणि बक्षिसाचा पितळी लोटा, वर नाव कोरलेला, घरात होता. बैलाला पुरावा होता.

आत्या त्यानंतर या विषयावर बोलली नाही. सभांना भजी मात्र पूर्वीसारखीच देत राहिली. मी एकदा चिडून म्हणालो, "आता तरी बंद कर." ती म्हणाली, "उपाशी राह्यले तं आनखी कोनाचे नाव काटतीन, बापू." पण गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तर तिच्या खोलीत, धान्याच्या कणगीमागे, एक कोरी घागर पालथी ठेवलेली दिसली. बाजारात कुंभाराकडून बोटाच्या पेराने वाजवून वाजवून, सगळा ढीग खालीवर करून घेतली होती म्हणे. मी विचारले, ही कोणासाठी? "माह्यी हाय," ती म्हणाली. "तुमचा भरोसा नाही. घागर तं घागर, घरात असली म्हंजे कोनाले तरी आठवन होईन..."

आठवण झाली. ती गेल्यावरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला मी मुद्दाम दारव्ह्याला गेलो आणि ती घागर आणून पाटाशेजारी ठेवली. दादासाहेब छापखान्यातून आलेल्या कच्च्या प्रतीतून नावे वाचत होते. मूळ पुरुषांपासून सगळ्यांना पाणी मिळाले. पान संपले. मी म्हणालो, "आत्या राहिली." दादासाहेबांनी भटजींकडे पाहिले. भटजी म्हणाले, हरकत नाही, पण नाव कोणत्या कुळात घ्यायचे? माहेरच्या घेतले तर सासरचा अधिकार जातो. सासरच्या घ्यायचे तर ते घेतील. त्यावर चर्चा झाली. मी म्हणालो, मीच भरतो. तेव्हा, पितर न मानणाऱ्याने भरलेली घागर पोचते काय, असा नवा मुद्दा निघाला आणि मंडळींना तो फार मोलाचा वाटला. पुरण निवत होते, मुले भुकेने रडत होती. शेवटी दादासाहेबांनी निर्णय दिला, "पुढच्या वर्षी पाहू." कोरी घागर तशीच उचलून कुणीतरी पुन्हा कणगीमागे ठेवली, आणि आम्ही जेवायला बसलो. मीही बसलो.

परवा समितीची सभा झाली. आत्याच्याच ओसरीवर, मीही गेलो होतो. ऊन मी म्हणत होते. आत चूल थंड, स्वयंपाकघराला कुलूप. मंडळी थोडा वेळ आतल्या दाराकडे पाहत बसली... सवय. मग कोणीतरी उठले, कणगीमागची घागर काढली, धुतली आणि विहिरीवरून भरून आणली. इतिवृत्त मी वाचले आहे. चहाची व्यवस्था होऊ न शकल्याने सभासदांना पाणी देण्यात आले. पुरेसे सभासद न थांबल्याने सभा तहकूब करण्यात आली.

घागर आता ओसरीवर तिवईवर असते. आत्याने चांगली वाजवून घेतली होती. पाणी गार राहते.