वन्संचा पहिला प्रश्न

आमच्या वन्संना कुणी ‘उजाडलं’ म्हणून सांगितलं, तरी स्वतः दार उघडून बघितल्याशिवाय त्या चहा ठेवणार नाहीत. नात्याने माझी थोरली नणंद, आणि बुरोंडीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिथेच त्या संगणक शिकवतात. कुठल्याही बातमीला त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कोणी सांगितलं? कधी? त्याने स्वतः पाहिलं का? मोबाइलवर वाचलेली गोष्ट मुलांनी आधी या तीन उत्तरांसकट वहीत उतरवायची, मगच तोंडातून काढायची. बाजारात ‘सकाळचेच बांगडे’ म्हणणाऱ्या मावशीला त्या होडी कुठली ते विचारतात, होडीवाल्याकडे जाऊन खात्री करतात, आणि परत येईपर्यंत बांगडे संपलेले असतात. माझं लग्न ठरताना एसटीने राजापूरला येऊन त्यांनी तीन घरी माझी चौकशी केली. चौथ्या घराचं दार माझ्या आईनेच उघडलं. ते मी अजून विसरलेले नाही.

गेल्या भाद्रपदात एका दुपारी वारा सुटला होता आणि होड्या बाहेर होत्या. मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर उलटलेल्या होडीचा फोटो आला, खाली लिहिलेलं: ‘बुरोंडीची होडी बुडाली, खलाशी बेपत्ता.’ निदान लोक सावध होतील म्हणून मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि संगणकाच्या खोलीकडे धावले.

फोटो तिथे आधीच पोचला होता. नववीतल्या नसीमाचे वडील समुद्रावर. ती पोर दगडासारखी बसली होती. वन्संनी दार लावून घेतलं आणि तिचा हात हातात धरला. ‘एकानेही पुढे पाठवायचा नाय. आधी शोधा.’ दहा मिनिटांत मुलांनी फोटो शोधून काढला: दोन वर्षांपूर्वीचा, भलत्याच किनाऱ्यावरचा. वर्गाने टाळ्या पिटल्या.

‘थांबा,’ वन्सं म्हणाल्या. ‘फोटो खोटा निघाला. होडी आली असं कुठे कळलंय?’

मला त्यांचा असा संताप आला. पोरीला घटकाभर श्वास तर घेऊ द्यावा!

‘बाई, अब्बांचा फोन लागत नाय,’ नसीमा पुटपुटली.

वन्संनी मच्छीमार सोसायटीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, ‘होडी हर्णै बंदराला लागलीय म्हणतात.’

‘म्हणतात कोण? तुम्ही पाहिलीत?’

त्याने पाहिली नव्हती. ‘मग तिच्या बापाला माझ्या नंबरवर बोलायला सांगा,’ म्हणून वन्संनी फोन ठेवला. एवढ्यात खिडकीतून मला किनाऱ्याकडे धावणाऱ्या बाया दिसल्या. सगळ्यांत पुढे नसीमाची आई, अनवाणी.

अर्ध्या तासाने अनोळखी नंबरवरून वन्संना फोन आला. नसीमाचा बाप हर्णैहून दुसऱ्याच्या मोबाइलवरून बोलत होता. तरी वन्संनी विचारलंच, ‘मुलीला घरात काय हाक मारता?’

‘नशू म्हणतो. बाई, मी धड हाय हो, तिला द्या ना फोन.’

फोन नसीमाच्या हातात देऊन, गुडघ्याने अधू असलेल्या वन्सं स्वतः किनाऱ्याकडे पळाल्या.

संध्याकाळी त्या घरी आल्या, माझ्या शेजारी बसून शेंगा सोलू लागल्या. म्हणाल्या, ‘तिच्या आईच्या पायात शिंपला घुसलाय गो. हळद लावून आले.’ फोटोबद्दल अक्षर काढलं नाही. नसीमाच्या आईच्या मोबाइलवर त्या फोटोशेजारी माझं नाव त्यांनी वाचलंच असणार. न वाचता सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. माझ्या ताटात त्या दिवशी त्यांनी सोलकढी जास्तच वाढली.

अख्ख्या जगाला विचारतात तो पहिला प्रश्न त्यांनी मला अजून विचारलेला नाही. एकदा विचारून टाकावा, असं मला रोज वाटतं.